धान्याखालची जमीन

शेतमालाच्या साठवणुकीविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक वेळा गोदामाच्या दारापाशी सुरू होते. गोदाम किती टनांचे, पत्रा कोणता, अनुदान किती, तारण कर्ज कसे मिळते. पण धान्य त्या दारात पोचण्याआधी काही दिवस, कधी काही आठवडे, शेतातच असते आणि ते दिवस उघड्यावरचे असतात. कापणी झाली, गंजी लागली, मळणीयंत्र आले, दाणे बाहेर पडले. ते कुठे पडले? ताडपत्रीवर, डांबरी रस्त्यावर, घराच्या स्लॅबवर, की धुऱ्यालगतच्या काळ्या मातीवर? त्या धान्याचे पुढे जे होणार असते त्यातले बरेचसे या एका उत्तरावर ठरते. हे पुस्तक त्या दिवसांविषयी आणि त्या जागेविषयी आहे.

खळ्याची ही जागा आपल्या आजोबा-पणजोबांना चांगली ठाऊक होती. पीक हुरड्यातून पुढे सरकले की उंचवट्यावरची, वारा लागणारी जागा हेरायची. तण खुरपायचे, पाणी मारून माती भिजवायची, बैल फिरवून आणि धुमसाने ठोकून ती घट्ट करायची, वाळताना पडलेल्या भेगा पुन्हा बुजवायच्या आणि शेवटी शेणाच्या काल्याने सारवायचे. मधोमध तिवडा, त्याभोवती बैलांची पात, मळणी झाली की वावडीवर उभे राहून उफणणी, मग रास. बलुतेदारांचा वाटा या राशीवरच मोजला जाई. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’मध्ये त्या व्यवहाराचे जे चित्र आहे, त्यात खळे हे गावाच्या हिशेबाचे ठिकाणच आहे. त्याच्याही फार आधी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, सीताध्यक्षाच्या प्रकरणात, खळ्यावर काम करणाऱ्यांजवळ विस्तव नसावा आणि पाणी असावे असे सांगितले आहे. वाळलेला पेंढा आणि वर्षाचे धान्य एकाच जागी असताना सर्वांत मोठी भीती कशाची, हे त्या सूचनेत स्वच्छ दिसते. सोयाबीनच्या पेटलेल्या गंज्यांच्या बातम्या दर हंगामात वाचणाऱ्याला ती सूचना आजची वाटेल.

सारवलेल्या खळ्याकडे मागासपणाची खूण म्हणून पाहण्याची सवय मला चुकीची वाटते. शेणातले न पचलेले बारीक धागे मातीचे कण धरून ठेवतात, बारीक भेगा भरतात, धूळ बसवतात. माघ-फाल्गुनात, कोरड्या हवेत, बैलांच्या खुराखाली रब्बी ज्वारी मळायची असेल तर तेवढी जमीन पुरेशी होती. तिची मर्यादाही लोकांना माहीत होती. राशीच्या तळाशी उरलेले माती-खड्यांचे मातेरे वेगळे काढले जाई आणि चाळून, पाखडून, धुऊन घरातल्या बायका त्यातलाही दाणा सोडवत. खराब जमिनीचा खर्च कोणीतरी भरतच असते. त्या काळी तो बायकांच्या श्रमांनी भरला जात होता, आज तो आडतीवर काडी-कचऱ्याच्या नावाने भावातून कापला जातो.

कोकणात आणि गोव्यात चित्र जरा निराळे. तिथे खळे म्हणजे घरासमोरचे अंगणच. पावसाळ्यात शेवाळलेली ती जागा दिवाळीच्या सुमाराला खरवडून, चोपून, सारवून पुन्हा तयार होते. भात, सुपारी, कोकम, मिरच्या सगळ्यांचे वाळवण तिथेच. घराजवळ असल्यामुळे आभाळ भरून आले की दहा हात गोळा होतात. ही सोय देशावरच्या, वस्तीपासून मैलभर लांब असलेल्या शेताला नाही, आणि पुढे जे सांगायचे आहे त्यात या अंतराला मोठी जागा आहे.

देशावरचे, मराठवाड्यातले आणि विदर्भातले खळे मोडले ते मुख्यतः यंत्रामुळे. मळणीयंत्र शेतात जाऊ लागले, मग हार्वेस्टर आले. बैल कमी झाले. खळ्याची चार गुंठे जागा नांगराखाली गेली. हे समजण्यासारखे होते. पण त्याच काळात पीकही बदलले. नव्वदच्या दशकात सोयाबीन पसरले. १९९४ मध्ये आलेल्या जे. एस. ३३५ या वाणाने तर विदर्भ-मराठवाड्याचा खरीपच पालटला. हे पीक शंभर दिवसांच्या आत-बाहेर पिकते, म्हणजे जूनअखेर पेरले की सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात हाती येते, आणि परतीचा पाऊस नेमका तेव्हाच महाराष्ट्रात असतो. ज्वारीला कापणीनंतर दोन महिने कोरडी हवा मिळायची. सोयाबीनला दोन दिवसांची उघडीप मिळाली तरी शेतकरी सुटकेचा निःश्वास सोडतो. खळ्याची खरी निकड असलेले पीक आले तेव्हा खळे उरले नव्हते.

याचा हिशेब मांडून पाहावा. ओलसर हंगामात मळलेल्या सोयाबीनमध्ये १८ टक्के ओलावा असणे नवलाचे नाही. बाजारात आणि हमीभाव खरेदी केंद्रावर १२ टक्के हे प्रमाण धरले जाते. दहा क्विंटल दाणे १८ वरून १२ टक्क्यांवर आणायचे तर त्यातून ६८ किलो पाणी बाहेर काढावे लागते. ते पाणी उन्हाने आणि वाऱ्यानेच काढायचे असेल तर दाणे पातळ पसरले पाहिजेत. पाच सेंटिमीटर थराने एका चौरस मीटरवर साधारण ३६ किलो सोयाबीन मावते, म्हणजे दहा क्विंटलला २८ चौरस मीटर, आपल्या मापात तीनशे चौरस फूट. दोन-अडीच एकरांच्या शेतकऱ्याला २५ बाय २५ फुटांची कोरडी, कठीण जागा मिळाली तर त्याचे बहुतेक सारे पीक एका वेळी पसरता येते. एवढ्या जागेसाठी आपण रस्ता अडवतो. दाण्यांवरून दुचाक्या घसरतात, काड्यांत गाडीचा तापलेला सायलेन्सर अडकतो, दाण्यांत डांबराचे खडे मिसळतात, आणि पसरणाऱ्याला पोलिसांची बोलणी खावी लागतात. रस्त्यावर धान्य वाळवणाऱ्याला दोष देण्याआधी त्याच्या शेतात तीनशे चौरस फूट टणक जमीन आहे का, हे पाहायला हवे.

२०२४ च्या खरिपात केंद्र सरकारने सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. त्या वर्षी हमीभाव ४८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारात त्याहून कमी दराने माल जात होता. सवलत आवश्यक होती, त्याविषयी माझे दुमत नाही. पण सवलतीने दाणा वाळत नाही. १५ टक्क्यांचा दाणा पोत्यात गेला तर तो तिथेही श्वास घेत राहतो, तापतो, आणि बुरशीला हवे ते मिळत राहते. बियाण्यासाठी राखलेल्या मालाचे तर विचारूच नये. बियाण्याच्या शास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे : ओलावा एका टक्क्याने उतरला की बियाण्याचे आयुष्य दुपटीने वाढते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, आणि घरचे बियाणे जूनमध्ये तेवढे उगवत नाही तेव्हा त्याचे कारण बहुधा आदल्या ऑक्टोबरातल्या त्या पंधरा दिवसांत सापडते.

ओल्या धान्याचा प्रश्न केवळ भावाचा नाही. १९७४ च्या शरदात गुजरातेतला पंचमहाल आणि राजस्थानातला बांसवाडा या आदिवासी जिल्ह्यांत अवेळी पावसाने मका भिजला. कणसे ओलीच घरात गेली, बुरशी धरली, आणि खायला दुसरे काही नसल्यामुळे तीच खाल्ली गेली. कावीळ, पोटात पाणी. ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष निघाले. हे विष भाकरी भाजून किंवा मका शिजवून नाहीसे होत नाही. साठवणुकीवरचे व्याख्यान मी या घटनेशिवाय कधी पुरे करत नाही. तिथे कमी पडले ते गोदाम नव्हे. कणसे वाळवता येतील अशी जागा आणि झाकण, एवढेच त्या घरांपाशी नव्हते.

उघड्यावरची साठवण म्हणजे नाइलाजाची, हलक्या दर्जाची साठवण असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. भारतीय अन्न महामंडळाने पंजाब-हरियाणात गहू वर्षानुवर्षे उघड्यावर राखला आहे. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘कॅप’ म्हणतात, म्हणजे जोते आणि आच्छादन. त्यात तीनच गोष्टी असतात. जमिनीपासून उचललेले पक्के जोते, त्यावर लाकडी फळ्यांचे क्रेट, आणि वरून घुमटासारखी उतरती रचलेली थप्पी काळ्या, २५० मायक्रॉन जाडीच्या पॉलिथिनने झाकून नायलॉनच्या दोरांनी आवळलेली. उघडीप असेल त्या दिवशी आच्छादन वर करून थप्पीला वारा द्यायचा. नियम पाळले तर गहू अनेक महिने टिकतो. पाळले नाहीत तर काय होते तेही देशाने पाहिले : २०१० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सडत पडलेले धान्य भुकेल्यांना द्या. तेव्हाची छायाचित्रे नीट पाहिली तर बहुतेक ठिकाणी फाटलेले आच्छादन आणि नसलेले जोते दिसते. जोते नसेल तेव्हा ताडपत्री धान्याला वाचवत नाही. पाणी खालून येते.

अर्जेंटिनातल्या शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून वेगळी वाट धरली. साठ मीटर लांब, नऊ फूट व्यासाची प्लॅस्टिकची पिशवी थेट शेतात आडवी टाकायची आणि यंत्राने तिच्यात दोनशे टन धान्य भरून तोंड बंद करायचे. आतल्या दाण्यांच्या आणि किडींच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो आणि कीड गुदमरते. आपल्याकडचे पेव याच तत्त्वावर चालते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकायची ती जमिनीखालच्या कोंडलेल्या, प्राणवायू सरलेल्या हवेमुळेच. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये हा शहाणपणाही त्यातूनच आलेला. दोनशे टनांची पिशवी आपल्या दहा क्विंटलवाल्याच्या कामाची नाही, पण पन्नास किलोची हवाबंद पिशवी आता मिळते आणि डाळी-कडधान्यांना लागणाऱ्या भुंग्यांवर तिच्याइतका स्वस्त, बिनविषारी उपाय मला ठाऊक नाही. अट एकच : आत जाणारा दाणा कोरडा हवा. हवाबंद पिशवी ओला दाणा वाळवत नाही, त्याला आत कुजवते. म्हणजे फिरून पुन्हा वाळवणाच्या जागेपाशीच यावे लागते.

म्हणून या पुस्तकातली सर्वांत जास्त पाने जमीन टणक करण्यावर आहेत. काळ्या मातीत हे काम वाटते तितके सोपे नाही. ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतले तर दोन पावसाळ्यांत कडा उचलल्या जातात आणि मधोमध तडा जातो. आधी फूटभर काळी माती काढून टाकावी, त्या जागी मुरूम थराथराने भरून, पाणी मारून, रोलरने किंवा धुमसाने दाबावा. मुरूम लांबून आणावा लागत असेल तर काळ्या मातीतच ४ ते ६ टक्के चुना मिसळून तिचा फुगण्याचा स्वभाव बराच आवरता येतो. हा पाया चांगला झाला की वरचा थर ऐपतीप्रमाणे निवडता येतो, आणि पाया वाईट असेल तर महागातला थरही फुकट जातो. पैसे कमी असतील तेव्हा ते खाली घाला, असे मी प्रत्येकाला सांगतो.

वरच्या थरात शहाबादी फरशीला मी झुकते माप दिले आहे, ते जाणूनबुजून. मराठवाडा आणि सोलापूर पट्ट्यात ती जवळून येते, गावातल्या गवंड्याला बसवता येते, एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते आणि पुढे जागा हलवायची झाली तर उचलून नेता येते. काँक्रीट अधिक टिकाऊ खरे. पण २५ बाय २५ फुटांवर चार इंच जाडीचे, एकास दोन चार प्रमाणातले काँक्रीट करायला सुमारे ३६ पोती सिमेंट लागते, वर खडी, वाळू आणि मजुरी. ज्याच्याकडे ट्रॅक्टर येणार आहे, हार्वेस्टर थेट खळ्यावर माल ओतणार आहे, त्याने ते करावे. दर तीन मीटरवर सांधा सोडावा आणि आठवडाभर पाणी मारण्यात कसूर करू नये. उरलेल्यांना फरशी, उभ्या विटा, किंवा दाबलेल्या मुरमावर शेणाचे सारवण आणि जाड ताडपत्री, एवढेही पुष्कळ पुढे नेते. जोत्याची उंची भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान वीतभर हवी. उतार शंभर फुटांत एक ते दीड फूट पुरे. त्याहून जास्त दिला तर दाणे पाण्याबरोबर वाहतात. वरच्या अंगाला एक चर खणून शेतातून येणारे पाणी बाजूला काढावे.

२०२५ च्या मे महिन्यात वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याच्या बाजार समितीत एक तरुण शेतकरी अवकाळी पावसात वाहून जाणाऱ्या भुईमुगाच्या शेंगा दोन्ही हातांनी अडवताना साऱ्या देशाने पाहिला. ते दृश्य पाहताना माझे लक्ष पुन्हा पुन्हा त्या पाण्याकडे गेले. वाहते पाणी माल ठेवलेल्या जागेतून जात होते. म्हणजे बाजार समितीच्या आवारातही जोते, उतार आणि चर या तीन जुन्या गोष्टींचा प्रश्न सुटलेला नाही. तो सोडवणे ज्यांचे काम आहे त्यांनी पुस्तकाचे चौथे प्रकरण जरूर वाचावे.

आच्छादनाबद्दल इथे एकच सांगतो, कारण त्यातली चूक सगळीकडे होते. दिवसभर उन्हात तापलेले दाणे संध्याकाळी ढीग करून लगेच ताडपत्रीखाली दाबले, की रात्री ताडपत्री थंड होते, गरम ढिगातून वर आलेली वाफ तिच्या आतल्या बाजूला पाणी होऊन लागते आणि पहाटे वरचा थर पुन्हा ओला. शेतकरी म्हणतात माल घामेजला. मग दुसऱ्या दिवशीचे अर्धे ऊन तो घाम वाळवण्यातच जाते. ढीग करण्याआधी दाणे सावलीत जरा निवू द्यावेत, ढिगावर आधी गोणपाट आणि त्यावर ताडपत्री टाकावी, दोन्ही टोकांना वारा खेळेल एवढी फट ठेवावी. पावसाचे चिन्ह असेल तेव्हाच कडा मातीने दाबाव्यात. थप्पी लावायची असेल तर खाली तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा थर घातला तरी क्रेटचे निम्मे काम होते. मात्र त्यात उंदीर राहतात, म्हणून थप्पीभोवती दोन हात जागा मोकळी आणि स्वच्छ ठेवायची. पहिल्या महायुद्धात जहाजे मिळेनात म्हणून ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पोत्यांच्या थप्प्या रेल्वे स्टेशनांवर साचल्या होत्या, आणि १९१७ मध्ये तिथे उंदरांनी जो हैदोस घातला तो धान्य साठवणुकीच्या इतिहासात नोंदला गेला आहे. बियाण्याच्या मालासाठी आणखी एक काळजी : भर दुपारी काँक्रीट इतके तापते की कोंब मरू शकतो. बियाणे सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी पसरावे, सारखे उलथावे.

सरकारी धोरणाविषयी फार लिहायचे नाही. मे २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सहकारी क्षेत्रात जगातली सर्वांत मोठी धान्य साठवण उभारण्याची योजना मंजूर केली. तिच्या पहिल्या अकरा गोदामांत अमरावती जिल्ह्यातल्या नेरपिंगळाईचे गोदाम आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. तीत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हिताच्या आहेत. पण तारणाला ठेवायचा माल कोरडा आणि स्वच्छ असावा लागतो. १६ टक्के ओलाव्याचे सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी गोदामाच्या दारातून परततो आणि त्याच दिवशी मिळेल त्या भावाला विकून मोकळा होतो. तारण योजनेचा लाभ लहान शेतकऱ्यापर्यंत कमी का पोचतो याची कारणे शोधताना त्याच्या कागदपत्रांइतकेच त्याच्या खळ्याकडे बघितले पाहिजे. एका मोठ्या गोदामाच्या खर्चात शेकडो खळी होतात आणि ती झाली तर ते गोदामही भरते, अशी माझी ठाम समजूत आहे.

खळे वर्षातले पंधरा दिवसच वापरले जाईल अशी शंका नेहमी घेतली जाते. प्रत्यक्षात तसे होत नाही. सोयाबीन गेले की तूर, मग हरभरा. हिंगोली-वसमतकडे शिजवलेली हळद दहा-पंधरा दिवस वाळवायची असते आणि मातीवर वाळलेल्या हळदीचा रंग मार खातो. मधल्या दिवसांत तिथे चारा उतरतो, अवजारे उभी राहतात. दोन-तीन शेजाऱ्यांनी धुऱ्यावर मिळून एक खळे केल्याची उदाहरणेही पुस्तकात दिली आहेत, त्यातल्या पाळीच्या भांडणांसकट.

पुस्तकाचा क्रम कामाच्या क्रमाने लावला आहे, तेव्हा वाचनही त्याच बेताने व्हावे. जागेची निवड आणि पायाचे काम चैत्र-वैशाखात, म्हणून ती प्रकरणे आधी. पाया भरून झाला की वरचा थर घालण्याची घाई करू नये. एक-दोन वळवाचे पाऊस त्यावर पडू द्यावेत. पाऊस थांबल्यावर लगेच खळ्यावर जावे, डबके जिथे साचले असेल तिथे खुंट्या ठोकाव्यात आणि पाणी आटल्यावर तेवढी जागा मुरूम भरून पुन्हा दाबावी. फरशी त्यानंतर बसवावी.